आवाजाची वहिवाट

एकदा एक वृद्ध वकील एका तालुक्याच्या गावी राहत असत. कोर्टात जाणे त्यांनी केव्हाच सोडले होते, आता ते केवळ शिकवत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्या परसातून एक पायवाट बाजाराकडे जाई आणि सगळी आळी ती खुशाल वापरी. गुरुजी कोणाला हटकत नसत. फक्त वर्षातून एक दिवस ते त्या वाटेवर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकीत आणि दिवसभर कोणालाही जाऊ देत नसत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या शिष्याला या प्रकाराची लाज वाटे. एवढ्या उदार माणसाला हा कद्रूपणा कशाला सुचावा, हे त्याला कळत नसे.

या शिष्याची आई पाळणे म्हणायची. गावात कोणाचेही बारसे असो, आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितले की पुढचा पाळणा हिचा. प्रत्येक बाळासाठी ती नवे शब्द रचायची. लोक ते मोबाइलवर टिपून ठेवत. पुढे ती वारली. वर्षभरात एका व्यापाऱ्याने ती ध्वनिमुद्रणे घराघरांतून गोळा केली, एका यंत्राला शिकवली, आणि यंत्र तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजात पाळणे म्हणू लागले. नाव सांगायचा अवकाश, पाळणा तयार. लोक हरखले. "तुझी आई अमर झाली रे!" असे जो तो शिष्याला सांगू लागला. असल्या फुकटच्या अमरत्वाचे आपल्याकडे भारी कौतुक!

शिष्य काही बोलला नाही. तीन वर्षे बोलला नाही.

मग एका सकाळी बाजारातल्या कर्ण्यातून त्याला आई ऐकू आली. व्यापाऱ्याने बाटलीबंद बाळगुटी विकायला काढली होती आणि आई सांगत होती, "अगं, सहाणेवर उगाळत काय बसतेस? माझी लेकरं याच गुटीवर वाढली." वास्तविक तिने जन्मभर गुटी उगाळूनच दिली होती. बाटलीतली पाजणाऱ्या बायकांना ती तोंडावर झापायची. मेलेल्या बाईच्या तोंडी खोटे घातले होते, आणि ते तिच्याच मायेने बोलले जात होते. 

तो तसाच व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी सभ्य होता. त्याने आधी चहा मागवला.

"अहो, तीन वर्षं हा आवाज गावभर वाजतोय. तुम्ही चकार शब्द काढला नाही. आम्ही समजलो, घरच्यांची हरकत नाही. आता तर वहिवाटच पडली म्हणा ना! पुढच्या महिन्यापासून बाहेरच्या जिल्ह्यांतही हाच आवाज जायचाय."

शिष्य चहा न घेता उठला आणि गुरुजींकडे आला. नेमकी त्याच दिवशी वाटेवर फांदी होती. भाजीची पाटी घेतलेली एक बाई काट्यांपाशी उभी होती.

"गुरुजी, आमचं काय चुकलं हो?"

"काही नाही गं बाई. आजच्या दिवस लांबून जा. उद्यापासून खुशाल ये."

बाई पुटपुटत गेली. थोड्या वेळाने गुरुजींनाही बाजारात जायचे होते. तेही काठी टेकत, दुखरे गुडघे सांभाळत लांबच्या रस्त्याने निघाले. शिष्य सोबत चालू लागला. चालता चालता त्याने सारे सांगितले, आणि सांगून होताच त्याचा तोल गेला.

"माझ्या आईचे असे धिंडवडे निघालेत आणि तुम्ही लोकांच्या वाटा अडवत बसलाय! निदान स्वतः तरी ती फांदी ओलांडायची!"

गुरुजी थांबले. त्यांनी दम खाल्ला.

"बाळ, लोक येतात-जातात याचा मला आनंदच आहे. पण वीस वर्षं कोणी न विचारता जात राहिलं आणि मी गप्प बसलो, तर कायदा म्हणतो, ही त्यांची वहिवाट. मग माझ्या देण्याला अर्थ उरत नाही. म्हणून मी वर्षातून एकदा नाही म्हणतो. मीच ओलांडून गेलो, तर ते नाही कोण खरं मानील? आता तुझं ऐक. आवाजाला वहिवाट लागते, ही व्यापाऱ्याची थाप आहे. तुझ्या आईने रचलेल्या शब्दांचा तू वारस आहेस, तिथे कायदा भक्कम आहे. पण आवाज कोणाचा, हे न्यायालयं आत्ता कुठे विचारू लागली आहेत, आणि माणूस गेल्यावर तो कोणाचा राहतो, यावर अजून एकमत नाही. अशा वेळी तुलाच विचारतील, ऐकू येत होतं तर बोलला का नाहीस?"

शिष्याची मान खाली गेली.

"मलाही तो आवाज ऐकायचा होता, गुरुजी. रोज ऐकायचो. माझंच नाव घालून पाळणा लावायचो."

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

"फक्त गुटीची जाहिरात थांबवा, असं मागितलं तर?" शिष्याने विचारले.

"तर व्यापारी म्हणेल, बाकीच्याला यांची संमती आहे. मनाई मागायची तर सगळ्याचीच मागावी लागेल. तुझ्या पाळण्यासकट."

शिष्याने दावा लावला. काही महिन्यांनी तात्पुरता मनाईहुकूम निघाला आणि यंत्र गप्प झाले. बारशांना पाळणा मिळेना, म्हणून गावातल्या बायका शिष्यावर रुसल्या. व्यापारी दुसऱ्या आवाजाच्या शोधाला लागला, आणि तो त्याला मिळेलही.

हुकूम निघाल्याच्या संध्याकाळी गुरुजी शिष्याच्या घरी गेले. तो एकटाच बसला होता.

"मिळाला ना हुकूम?"

"मिळाला, गुरुजी. पण घर फार शांत झालंय."

 गुरुजी त्याच्याशेजारी बसून राहिले.

आपले काही कोणी उचलून नेत असताना आपल्यालाही त्यात सुख वाटू लागले, तर हरकत घेण्याची वेळ तीच असते.