‘बंद करा’चं बटण

एका खाडीकाठच्या गावात हेरंब नावाचा एक प्रोग्रामर राहत होता. त्या खाडीवर सकाळी असं धुकं उतरे, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नसे. होड्यांना काठ सापडावा म्हणून हेरंबने धक्क्यावरच्या संगणकात घंटा वाजवणारा प्रोग्राम बसवून दिला. संगणकावर द्वारकाबाई बसत. त्यांचे यजमान धाकू होडी चालवत.

आवाज वाढवायची पट्टी सेटिंगच्या खिडकीत होती. ती खिडकी मिटेपर्यंत वाढवलेला आवाज लागू होत नसे. आणि खिडकी मिटायच्या बटणावर लिहिलं होतं, ‘बंद करा’.

“दादा, हे दाबलं की काय बंद होणार? खिडकी का घंटा?” द्वारकाबाईंनी विचारलं.

हेरंब हसला. एवढ्याशा शब्दाचा काय बाऊ करायचा, असं म्हणून तो निघून गेला. स्वतःच्या कामावर इतका खूश, की उत्तर द्यायचंही त्याला सुचलं नाही.

एके दिवशी तो धाकूंच्या होडीतून पलीकडून परतत होता. धुकं दाटलं. सगळं पांढरं, मऊ, अधांतरी झालं. घंटा झोपेत ऐकू यावी तशी येत होती, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. धाकूंनी वल्हं थांबवलं. जवळच कुठेतरी खडक होते.

धक्क्यावर द्वारकाबाईंनी पट्टी केव्हाच पुरती सरकवली होती. पण बटण दाबायला त्यांचं बोट धजत नव्हतं. घंटा थांबली तर आपला माणूस गेला, एवढंच त्यांना कळत होतं.

घंटा एवढी हळू का वाजतेय ते हेरंबच्या लक्षात आलं, आणि त्यांचा प्रश्न त्याला आता आठवला. तो उभा राहून ओरडला, “द्वारकाबाई, बंद करा!”

होडीतूनच सांगतायत म्हणजे काही कारण असणार, असं समजून द्वारकाबाईंनी घंटाच बंद केली.

आता धुक्यात काहीच उरलं नाही. वल्ह्यावरून थेंब पडत होते, तेवढाच आवाज. हेरंबला विलक्षण भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

तेवढ्यात काठावरून हाक आली, “अहो! अहो, इकडं!”

द्वारकाबाई धावत पाण्याच्या कडेला आल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. ‘अहो’ म्हणजे कोण, हे धाकूंना कुणाला विचारावं लागलं नाही. त्या हाकेच्या मागोमाग त्यांनी होडी काठाला लावली.

हेरंब ओल्या पायांनीच संगणकापुढे बसला. त्याने द्वारकाबाईंची माफी मागितली, बटणावरचा शब्द पुसला आणि तिथे काय लिहू म्हणून विचारलं.

“झालं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

विषय संपला असं वाटून हेरंब उठणार होता. पण तो थांबला.

“म्हणजे काय, बाई? ‘झालं’ असं लिहायचं?” त्याने विचारलं.

द्वारकाबाई हसल्या आणि त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

तात्पर्य: आपल्याला जे उघड दिसतं, ते दुसऱ्यालाही तसंच दिसेल असं धरून चालू नये. वस्तू वापरणाऱ्याची लहानशी शंकाही हसण्यावारी नेऊ नये.