हळूहळूचे आभार

वसईच्या इनास तुस्कानोंकडे नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. घास घेण्याआधी इनासनी हात जोडले, "देवा, तुझ्या हातांनी घडवलेला नातू दिलास, आभार!" मग सर्वांदेखत सुनेला बजावलं, "रेजिना, शाळेत ते उत्क्रांती शिकवणं सोड. माणूस एक तर देवानं घडवला, नाहीतर हळूहळू घडत गेला. दोन्ही कसं खरं?"

रेजिनानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "पप्पा, हा माझ्या पोटात ठिपक्याएवढा होता. हळूहळूच घडला. मग आत्ता मानलेले आभार परत घेणार का?"

इनासना पुन्हा हात जोडायचे होते, पण बाळानं बोट घट्ट धरलेलं. ते तसेच पुटपुटले, "देवा, त्या हळूहळूबद्दलही आभार."