हळदीचा उद्याचा भाव

"उद्याच्या बाजारात हळदीचा भाव काय निघेल, ते मला आज सांग!" सर्जेराव महाराजांनी फर्मावलं. "बरोबर आलं तर बक्षीस. चुकलं, तर तुझी बाजारातली बैठक बंद, आणि लगोलग तू राज्याबाहेर."

हे फर्मान ठकूबाईला होतं. ती हळदबाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली बसायची. कुणाकडे दोन पैसे उरले की तो तिच्याकडे येऊन विचारायचा, आता यांचं काय करू? तिचं उत्तर ऐकून माणसं बहुतेक हिरमुसायची. थोडं धान्यात घाल, थोडं सोन्यात घाल, थोडं अडीअडचणीला घरात ठेव आणि मग विसरून जा. झालं! यात कसली अक्कल, असं पुटपुटत माणसं नारळ ठेवून उठायची, आणि काही वर्षांनी तीच माणसं पेढे घेऊन यायची.

राणीसाहेबांनीही दासीकरवी तिचा सल्ला घेतला होता, आणि त्यांची चोळीबांगडीची पुंजी बरीच वाढली होती. महाराजांनी मात्र गेल्या साली कुणाच्या तरी कानगोष्टीवरून कोठारं भरून मिरची घेतली होती आणि हात चांगलेच पोळून घेतले होते. बायकोचं वाढलं आणि आपलं बुडालं, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"महाराज, उद्याचा भाव कुणालाच ठाऊक नसतो," ठकूबाई म्हणाली.

"मग लोकांना सल्ला कसला देतेस?"

"हाच, की तो कुणाला ठाऊक नसतो."

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांच्या कपाळावरची शीर उडू लागली. "मला बोलणं नको. आकडा हवा!"

ठकूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. हट्टी होता, आणि फुकटच्या पैशाचा नुसता वास आला तरी त्याची मिशी थरथरायची. आत्ताही ती थरथरत होती. त्या मिशीकडे बघता बघता ठकूबाईचा जीव जरा खाली पडला.

"सांगते. पण बाजाराच्या रीतीने, रुमालाखाली. आणि हा आकडा कुठून आला, ते उद्यापर्यंत आपण कुणाला सांगायचं नाही."

हळदीचे सौदे तिथे असेच व्हायचे. घेणारा आणि विकणारा हातात हात द्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचे. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नसे. महाराजांनी हात पुढे केला. ठकूबाईने वर रुमाल टाकला, आधी त्यांची पाचही बोटं दाबली, मग चार.

पोत्याला नऊ रुपये! आणि त्या दिवशीचा भाव होता पाच. महाराजांनी पटकन हात मागे घेतला आणि तिला देवडीवर बसवून ठेवायला सांगितलं.

सकाळी बाजार भरायच्या आधीच त्यांनी खजिनदार बापूजींना बोलावलं. "नऊपर्यंत मिळेल ती हळद उचला. नऊच्या वर एक कवडीही द्यायची नाही. आणि का, ते विचारू नका."

बापूजी माणसं घेऊन बाजारात उतरले. पाचाने घेतली, सहाने घेतली. राजाची माणसं कशालाच नाही म्हणत नाहीत, हे ध्यानात यायला व्यापाऱ्यांना कितीसा वेळ लागणार? भाव सातावर गेला. कुणी घरात दडवलेली पोती बाहेर काढली, कुणी शेजारच्या गावाला गाड्या पिटाळल्या. दुपार कलली तेव्हा आठ झाले, मग नऊ. नऊच्या वर बापूजींचा हात हलेना, म्हणून भाव तिथेच थांबला. तिन्हीसांजेला बाजार उठला आणि रीतीप्रमाणे दिवसाचा भाव म्हणून शेवटचा सौदा पुकारला गेला, तो नऊचाच.

"बरोब्बर नऊ!" महाराज खुशीत दरबारात आले. ठकूबाईला मानाने आणवलं. "बाई, तुला देव प्रसन्न आहे. बापूजी, आता आपली सगळी हळद नऊने विकून टाका."

बापूजी घसा खाकरत म्हणाले, "आधीच विचारून आलो, महाराज. कुणी घेत नाही. लोक पाच म्हणतात. एकजण तर चारावर आला."

महाराज गर्रकन वळले. "ठकूबाई! भाव नऊ आहे ना?"

"आहे की. आत्ताच पुकारला ना?"

"मग नऊने घ्यायला कुणी का येत नाही?"

"नऊने घेणारं गिऱ्हाईक सगळ्या बाजारात एकच होतं, महाराज," ठकूबाई म्हणाली. "ते आता सिंहासनावर बसलंय."

महाराज पुढे झुकले.

"म्हणजे हळदीचा भाव तुला ठाऊक नव्हता?"

"हळदीचं मला कालही काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. महाराजांचं तेवढं कळत होतं. मी सात म्हणाले असते, तर आपण सातापर्यंत घेतली असती आणि भाव सात निघाला असता. आपण आज हळद घेतलीच नसती, तर मात्र मी आत्ता वेशीबाहेर असते. माझी सगळी भीती तेवढीच होती."

आधी मिशी थरथरली, मग पोट हललं, आणि मग महाराज असे खो खो हसत सुटले की त्यांना सिंहासनाचा दांडा धरावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "हरलो! बापूजी, बाईला पन्नास पोती हळद बक्षीस!"

ठकूबाईने हात जोडले. "मोठी कृपा झाली. पण महाराज, तेवढं बक्षीस रोख मिळालं तर बरं होईल."

"लबाड आहेस! बरं, रोख घे. पण पन्नास पोत्यांचे पैसे कोणत्या भावाने द्यायचे? लोक तर पाच म्हणतात."

"लोकांचं सोडा," ठकूबाई म्हणाली. "नऊने घेणारं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी पाचाने का देऊ?"

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी बापूजींना खूण केली, आणि बापूजींनी मुकाट्याने नऊच्या भावाने रुपये मोजले.