उंटकटाऱ्याची फुले

भाविकहो, ज्या पठारावर पांढरखडी गाव वसले आहे, तिथे माती बोटभरही खोल नाही. कुदळ मारली की खडकावर आपटून ठिणगी उडते. अशा गावाच्या वेशीवरच्या महादेवाच्या देवळात विश्राम महाराज अकरा वर्षे राहिले. त्यांनी तिथे मठ बांधला नाही की कुणाला शिष्य केले नाही. सकाळी देऊळ झाडावे, दिवसभर येईल त्याचे सुखदुःख ऐकावे आणि कुणी भाकरी आणून दिली तर खावी, एवढाच त्यांचा दिनक्रम होता.

त्या गावात ठकूबाई नावाची एक विधवा राहत असे. ती पाथरवटाची बायको. नवरा गेल्यावर त्याची हत्यारे तिने हाती घेतली आणि दारोदार फिरून जात्यांना टाकी लावण्याचे काम ती करू लागली. गुळगुळीत झालेले जाते छिन्नीने पुन्हा खरखरीत करून द्यायचे आणि मिळेल ते पीठ पदरात घेऊन घरी यायचे. दर सोमवारी महादेवाला फूल वाहावे असे तिला फार वाटे. पण तिच्या झोपडीभोवती खडकाशिवाय काही नव्हते. मार्गशीर्षात माळावरचे गवत वाळून पिवळे पडले की खडकाच्या फटीफटीतून उंटकटारा तेवढा फुलत असे. चेंडूसारखी गोल, काट्यांनी भरलेली, फिकट निळी फुले. ठकूबाई पदर हाताला गुंडाळून तीच खुडायची आणि महाराजांपुढे आणून ठेवायची. महाराज ती स्वतःच्या हाताने पिंडीवर वाहत.

गावचे रंगराव देशमुख यांना ही गोष्ट सहन होत नसे. गाड्यांनी माती आणून आणि विहिरीवर मोट चालवून त्यांनी शेवंतीची मोठी बाग फुलवली होती आणि देवळाच्या वार्षिक उत्सवाची सगळी फुले त्यांच्याच बागेतून येत. त्या वर्षी उत्सवाच्या सकाळी त्यांच्या गड्यांनी शेवंतीच्या पाट्या आणून गाभारा पिवळाधमक केला. तेवढ्यात ठकूबाई आपली पाच-सहा फुले घेऊन पायरीशी आली. देशमुखांनी तिच्या हाताकडे पाहिले.

"ठकू, हे उंटाचं खाणं. आमच्या देवाला उंट नाही, नंदी आहे," ते म्हणाले.

जमलेली मंडळी हसली. ठकूबाईने मान खाली घातली आणि ती पाठीमागे वळली. महाराजांनी तिला हाक मारून थांबवले, तिच्या हातातली फुले घेतली आणि नेहमीप्रमाणे पिंडीवर ठेवली. मग ते शांतपणे म्हणाले, "रंगराव, तुमच्या शेवंतीला तुम्ही पाणी घालता. या उंटकटाऱ्याला कोण घालतं?"

 चारचौघांत आपला अपमान झाला असे देशमुखांना वाटले. महाराजांनीच असल्या लोकांना डोक्यावर चढवून ठेवले आहे, असे मोठ्याने बोलून ते प्रसाद न घेताच निघून गेले.

त्यांची चार वर्षांची नात अंबू त्या दुपारी बागेत खेळत होती. बायका उत्सवाच्या माळा ओवण्यात गुंतल्या होत्या. अंबू कधी बांध ओलांडून माळाकडे गेली, ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. हाका मारून झाल्या, विहिरीत गळ टाकून झाला. मग गुराखी सांगत आला की आदल्याच दिवशी माळावर लांडग्यांनी दोन मेंढ्या ओढून नेल्या आहेत. ते ऐकून पोरीची आई जागच्या जागी कोसळली. देशमुख पंचवीस माणसे घेऊन माळावर धावले. ओढे धुंडाळले, घळी पाहिल्या. दिवस कलू लागला तरी पोर सापडेना.

ही बातमी देवळात आली तेव्हा तिथे भजन चालू होते. महाराज भिंतीला टेकून बसले होते आणि ठकूबाई दाराशी बसून भजन ऐकत होती. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि ते अगदी निश्चल झाले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच ते म्हणाले, "ठकूबाई, माझी फुलं जिथून आणतेस, तिथं जा."

ठकूबाई लगेच उठली. कमरेला हातोडा आणि छिन्नी होतीच; ती तशीच अनवाणी निघाली. सकाळचे बोल तिच्या मनात होते का? असतीलही. पण तिचे पाय थांबले नाहीत.

माळाच्या टोकाला खडकात उंटकटाऱ्याचे दाट रान माजले होते. शोधणारी माणसे त्याच्या कडेने दोनदा गेली होती. एवढ्याशा पोरीला या काट्यांत शिरताच येणार नाही, असे समजून आत कुणीच पाहिले नव्हते. ठकूबाई तिथे पोचली तेव्हा दोन लांडगे त्या रानाभोवती फेऱ्या घालत होते. ती भीतीने गारठली. मग तिने हातोडा काढला आणि खडकावर जीव खाऊन घाव घालायला सुरुवात केली. ठण् ठण् आवाज साऱ्या माळावर घुमला. लांडगे दबकले, मागे सरले आणि घळीत उतरून दिसेनासे झाले.

ती काट्यांत शिरली. लुगडे फाटले, पोटऱ्या रक्ताळल्या. मधोमध घोंगडीएवढी मोकळी जागा होती आणि तिथे अंबू मांडीवर निळी फुले घेऊन बसली होती. तिच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

घावांचा आवाज ऐकून देशमुख धापा टाकत आले. काट्यांभोवती धुळीत उमटलेली लांडग्यांची पावले त्यांनी पाहिली. आत जायला कुठेच वाट नव्हती. ठकूबाईने पोरीला डोक्यावर धरून बाहेर आणले, तेव्हा त्यांनी नातीला छातीशी कवटाळून विचारले, "तू आत गेलीस कशी, बाळ?"

"बाबांनी नेलं. त्यांनी हातांनी काटे बाजूला केले, मग परत लावून घेतले. म्हणाले, ठकूमावशी येईपर्यंत इथंच बस."

सगळे देवळात आले तेव्हा दिवे लागत होते. महाराजांना पाहताच अंबू आजोबांच्या कडेवरून खाली उतरली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. "हेच बाबा," ती म्हणाली. भजनी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. महाराज दुपारपासून जागचे हलले नव्हते, हे त्या सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. एका म्हाताऱ्याने समई जवळ आणली. महाराजांचे दोन्ही तळहात काट्यांनी भरले होते.

देशमुखांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर ठेवले.  महाराजांनी पागोटे उचलून परत त्यांच्या हाती दिले आणि ते म्हणाले, "मला काटे बोचले, पण मी देवळात उबेला बसलो होतो. ती एकटी लांडग्यांपुढं उभी राहिली. आधी तिच्याकडे जा."

ठकूबाई खांबाशी बसून पोटरीतले काटे काढत होती. गावचे देशमुख तिच्यापुढे आले आणि त्यांनी तिच्या रक्ताळलेल्या पावलांवर डोके ठेवले. ती संकोचून पाय ओढून घेऊ लागली.

"असं नका करू, मालक. पोर हाती लागली, देव पावला."

पण देशमुख उठेनात. त्यांच्या आसवांनी तिची पावले भिजली. शेवटी ठकूबाईने आपला टाकीने घट्टे पडलेला हात हळूच त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि महाराज ते डोळे भरून पाहत राहिले.