खोडलेल्या सोंगांचा खेळ

“बारा सोंगांतली अकरा खोडून आलीत! आता उद्या दरबारात काय, ही मुखदुर्बळ सून उभी करायची?”

चुलत सासरे भिवबा हे पडद्याआड हळूच बोलले. पण पडदा तो कापडाचाच. पलीकडे येसू खोट्या मिशा विंचरत बसली होती. लग्नाला दोनच महिने झालेले. तिने ऐकलं आणि मिशी विंचरत राहिली.

करंजवडीच्या सोंगाड्या मंडळीवर प्रसंग बाका होता. राजेसाहेबांचा हुकूम सुटला होता, “उद्या सकाळी मला पोट धरून हसवा. नाही हसलो, तर दुपारच्या आत संस्थानाबाहेर चालते व्हा!” आणि संस्थानची चाल अशी, की सोंगांची यादी आधी वाड्यावर जायची. दरबारातल्या ज्याला जे सोंग खटकेल त्याने ते खोडायचं आणि शेजारी सही ठोकायची.

“उरलं ते कुठलं?” मंडळीचे म्होरके, येसूचे सासरे मल्हारबा यांनी विचारलं.

येसूने यादी हातात घेतली. मंडळीत लिहितावाचता येणारी ती एकटीच. “झोपाळू राजाचं.”

“मेलो!” भिवबांनी गळ्याला हात लावला. “ज्याला मान जड झाली असेल त्यानं करावं!”

येसूने खोडलेल्या ओळींवरून एकेक करत बोट फिरवलं. मग म्हणाली, “मामंजी, तुम्ही फक्त ढोलकी घ्या. पात्रं ठरलीत.”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ना रंग, ना दाढी, ना टोप. डोईवरचा पदर सावरत येसू यादी घेऊन उभी राहिली. मल्हारबांनी ढोलकीवर थाप मारली.

“सोंग पहिलं! दोन्हीकडचं खाऊन तिसऱ्यालाच निकाल देणारा अंमलदार. पात्र, विसाजीपंत!”

पंत ताडकन उठले. “महाराज, ही बदनामी आहे!”

“सोंग दुसरं! रोगी दगावला तरी तेराव्यापर्यंत काढा पाठवणारा वैद्य. पात्र, त्र्यंबकशास्त्री!”

शास्त्रीबुवांना असा ठसका लागला, की त्यांनाच काढा द्यायची वेळ आली.

“सोंग तिसरं! लढाईच्या दिवशी नेमका पोटशूळ उठणारा सरदार. पात्र, हैबतराव!”

“साफ खोटं!” हैबतराव गरजले. “पोट नव्हे, कंबर धरली होती!”

राजेसाहेबांना हसू फुटलं ते आवरेना.

“पण आमची नावं घालायचा हिला अधिकार काय?” पंत ओरडले.

“मी कुठं घातली, पंत?” येसू म्हणाली. “यादीत नाव एकाचंही नव्हतं. संस्थानात अंमलदार वीस, वैद्य सात, सरदार नऊ. आपलं सोंग ओळखून खोडायला धावले ते एकेकच. सह्या त्यांच्याच!”

राजेसाहेबांनी यादी ओढून घेतली. एकेक सही वाचत गेले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. शेवटच्या ओळीशी मात्र थांबले.

“झोपाळू राजा… हे एकानंही खोडलं नाही?”

भिवबांनी डोळे मिटून घेतले.

“त्यांना सवड कुठली, महाराज?” येसू हळूच म्हणाली. “ज्याला त्याला आपलंच झाकायची घाई! तेवढं एक पात्र ठरायचं राहिलंय.”

मग राजेसाहेबांनी मांडीवर अशी थाप मारली, की गादीवरचा लोड घसरला!

“आणा ती दौत! अरे, अकरा जण उशाशी बसून माझी झोप राखताहेत, मग जाग येईल कशी?” त्यांनी झोपाळू राजाशेजारी झोकात सही केली. रेघ मात्र मारली नाही.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “पोरी, हे सोन्याचं कडं तुला. मंडळीला दरसाल पन्नास मण जोंधळा. आणि ही यादीची चाल आजपासून बंद!”

“कडं द्या, जोंधळा द्या, पण यादी राहू द्या, महाराज!” येसू दरबाराकडे वळून म्हणाली. “पात्रं वाटताना आमच्यात भांडणं होतात. वाड्यावर ती कशी बिनबोभाट वाटून मिळतात!”