पाखरांचे आबा

एका गावात एक गृहस्थ राहायचे. अंगणात पाखरांसाठी पाण्याचं परळ ठेवायचे, सकाळी मूठभर तांदूळ टाकायचे, आणि मग दिवसभर ते चार जणांना सांगायचे. गाव त्यांना 'पाखरांचे आबा' म्हणायचं. ते नाव ऐकलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आबांच्या पुढच्या दारावर जाईचा दाट वेल होता. एका उन्हाळ्यात त्या वेलात शिपाई बुलबुलाची जोडी घरटं बांधू लागली. नराला जागा पसंत नव्हती.

"माणसाच्या इतक्या जवळ कशाला?" तो म्हणाला.

"रानात कावळा आहे, साप आहे," बुलबुलीण म्हणाली. "माणसाच्या दाराशी यायला ते बिचकतात. आणि हा माणूस तर पाखरांचा कैवारी आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तोच सांगत असतो की रोज."

नराला ते पटलं. बुलबुलिणीने लालसर ठिपक्यांची तीन अंडी घातली आणि ती त्यांवर बसून राहिली.

त्याच सुमारास आबांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सातवा महिना लागला होता. आबांनी तिच्यासाठी आतली खोली आधीच तयार करून घेतली. खिडकीला जाड पडदा, दाराला पडदा, वारा येईल ती फट चिंध्यांनी बुजवलेली. "सव्वा महिना या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही," त्यांनी घरात बजावून ठेवलं. "बाळंतिणीवर परक्याची सावली पडता कामा नये."

म्हणजे बघा, या माणसाला सगळं कळत होतं. कळत नसतं तर मला त्यांचा इतका राग आला नसता.

कारण दारातली दुसरी आई दिसल्यावर आबांनी काय केलं? गाव गोळा केलं. "या, या, बघा! पाखरांना कळतं हो माणूस कोण आहे ते!" ओट्यावर स्टूल मांडलं. येईल तो स्टुलावर चढायचा, पानं बाजूला सारायचा आणि आत डोकवायचा. दर वेळी बुलबुलीण घाबरून उडायची, कुंपणावर बसून ओरडायची, आणि माणसं गेली की धापा टाकत परत अंड्यांवर येऊन बसायची.

लेकीला ते बघवेना. "आबा, ती उडते तेव्हा अंडी उघडी पडतात," ती म्हणाली. "थोडे दिवस पुढचं दार बंद ठेवू या ना. आपण मागच्या दाराने जाऊ-येऊ."

"पुढचं दार बंद?" आबा म्हणाले. "लोक काय म्हणतील? आबांनी पाखरू लपवून ठेवलं म्हणतील."

एवढंच करायचं होतं हो. एक दार लावायचं होतं. पण आबांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"पोरी, तुझं डोहाळजेवण करायचंच आहे," ते म्हणाले. "त्याच मांडवात बुलबुलिणीचंही करू! एका मांडवात दोघी! असं कुणी केलं नसेल."

"आबा, अंडी घातल्यावर कसलं डोहाळजेवण?"

"अगं, लोकांना काय कळतंय त्यातलं!"

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी आबांनी हातात कात्री घेतली. येणाऱ्या बायकांना अंगणातून घरटं नीट दिसावं म्हणून त्यांनी पुढची सगळी पानं छाटून टाकली. वेलाला हिरवा खण बांधला. बायका आल्या, त्यांनी निरांजन ओवाळलं, उदबत्त्या लावल्या, गाणी म्हटली. कुणीतरी हळदकुंकू उधळलं, ते थेट घरट्यात पडलं. बुलबुलिणीने जमेल तितका धीर धरला. मग ती उडाली.

अंगणाच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. आबा त्यालाही रोज घास ठेवायचे. आज घास ठेवायला कुणाला सवड झाली नव्हती. मागच्या अंगणात पंगत बसली आणि पुढचं अंगण मोकळं झालं, तसा तो वेलावर उतरला.

"इतक्या दाट वेलातलं घरटं तुला सापडलं कसं?" बुलबुलीण किंचाळली.

कावळ्याने फांदीला चोच पुसली. "मी कुठे शोधलं? सकाळपासून अख्खं गाव बोट दाखवत होतं."

ओरडा ऐकून लेक भरल्या पानावरून उठली. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, अशी ती धावत दाराशी आली. पायरीवर फुटलेलं टरफल होतं आणि रिकाम्या घरट्यात कुंकू.

मागून आबा आले. "अरेरे! कावळ्याची जातच मेली तशी," ते म्हणाले. "असू दे. पुढच्या वर्षी बांधतील पुन्हा. तेव्हा आपण मोठा मांडव घालू."

लेकीने एकेक फुलांचा दागिना काढला आणि पायरीवर त्या टरफलाशेजारी ठेवला. "गाडी जुंपायला सांगा," ती म्हणाली. "मी सासरी जाते."

"काहीतरीच काय! पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लोक काय म्हणतील?"

"लोक, लोक, लोक! तिने तुमच्या भरवशावर तुमच्या दारात घर केलं, आणि तुम्ही तिचा आडोसा कापलात. उद्या माझं बाळ बघायला गाव जमलं, तर तुम्ही माझा पडदा काढणार नाही कशावरून?"

तिन्हीसांजेच्या आत ती निघून गेली. जे लोक वेलाखाली उभं राहून आबांना नावाजत होते, तेच आता 'पहिलटकरीण लेक माहेरातून उठून गेली' म्हणून नावं ठेवू लागले. मला आबांची दया आली नाही.

यथावकाश लेकीला मुलगी झाली. निरोप आला, आणि दुसऱ्याच दिवशी आबा गाडीभर माणसं घेऊन तिच्या सासरी हजर! सव्वा महिन्याचा आपलाच नियम ते साफ विसरले होते. दाराशी पोचता पोचता जुनी सवय तोंडातून निघाली, "या, या, बघा, माझी नात!"

"आबा, तिथेच थांबा," पडद्याआडून लेकीचा आवाज आला. "ती आत्ता झोपलीय. दाराकडे पाठ करून उभे राहा आणि एकालाही आत सोडू नका."

"आणि मी? मी कधी बघू तिला?"

"तुम्ही कसे उभे राहता, ते मला आधी बघू दे."

आबा वळले. समोर त्यांनीच आणलेली माणसं माना उंचावून उभी होती. आबांनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"चला, परत फिरा," ते म्हणाले.

लोक कुरकुरले, हसले, कुणी रागावून गाडीत जाऊन बसलं. आबा हलले नाहीत. पाठीमागे बाळ एकदा बारीक रडलं. आबांचे डोळे भरून आले, पण त्यांनी मान वळवली नाही.

तात्पर्य: जो आपल्या भरवशावर दाराशी आला, त्याला राखायचं असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं. त्याच्याकडे बोट दाखवून गाव गोळा करणाऱ्याने उगाच कावळ्याला शिव्या देऊ नयेत.