दोन आभाळांचा फोटो

फार लांबच्या मुलखात एक फोटोवाला होता. तो माणसांचे फोटो कधी काढत नसे. पेटीएवढा कॅमेरा पाठीवर घेऊन तो गावोगाव फिरे आणि फक्त आभाळ टिपे. डोंगरावरचं धुकं, वाळवंटातलं वादळ, बर्फावरची पहाट असं सगळं त्याच्याकडे होतं. एका काचेवर एकच फोटो निघे. काचा संपल्या की घरी परतायचं, हा त्याचा नेम.

शेवटची काच उरली तेव्हा तो खाडीकाठच्या एका मिठागरात पोचला. मिठाच्या वाफ्यांत पाणी इतकं स्थिर होतं की वर एक आभाळ आणि खाली दुसरं. तो बघतच राहिला. असं दृश्य तो कितीतरी वर्षं शोधत होता.

मिठागर गोमा आणि हिराबाय या नवराबायकोचं होतं. त्यांनी त्याला सावलीत बसवलं, भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं.

"आमच्याकडं आभाळ फुकट, मीठ विकत," गोमा हसून म्हणाला. "काय पाहिजे ते घ्या."

"मला एवढंच हवंय," फोटोवाला म्हणाला, "तो मोठा वाफा संध्याकाळपर्यंत हलवू नका. पाणी ढवळलं की खालचं आभाळ मोडतं."

गोमाचा चेहरा उतरला. त्या वाफ्यातलं मीठ आजच ओढून काढायचं होतं. पण त्या मुलखात एक रीत होती. पाहुण्यानं घरी जेवून पहिल्यांदा काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही.

"बरं," हिराबाय म्हणाली.

दुपार कलली आणि समुद्राकडून काळा ढग चढू लागला. ढगाखालून सूर्य डोकावला. वाफा सोन्यासारखा झाला. फोटोवाल्यानं काळं कापड डोक्यावर घेतलं.

"काकू, जरा बाजूला व्हा. तुम्ही दोघं फोटोत येताय!"

दोघं गुपचूप बाजूला झाली. गोमा मीठ ओढायची लांब दांड्याची फळी हातात घट्ट धरून उभा होता.

"अगं, पाऊस येतोय," तो पुटपुटला.

"शब्द दिलाय ना? गप उभे राहा."

फोटोवाल्यानं कापडातून डोकं बाहेर काढलं. "पाऊस आला तर या मिठाचं काय होईल?"

"विरघळेल. दुसरं काय!" हिराबाय म्हणाली.

"सगळं?"

"महिनाभराचं. तुम्ही तुमचं काम करा, भाऊ. प्रकाश जाईल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. पलीकडे खाडीवर सरी उतरल्या होत्या. वाफ्यात ढग आणि सूर्य दोन्ही झळकत होते. असं आभाळ पुन्हा दिसेलच असं नव्हतं.

त्यानं कॅमेऱ्यावर झाकण घातलं, धोतर खोचलं आणि वाफ्यात उतरला.

"मला पण एक फळी द्या!"

"अहो, तुमचं आभाळ मोडेल!" गोमा ओरडला.

"मोडू दे. आधी मीठ!"

तिघांनी मिळून मीठ बांधावर ओढून रास केली आणि ती गवतानं झाकली. पाणी गढूळ झालं. फोटोवाल्याचे हात सोलले, डोळे चुरचुरले. राशीवर गवताचा शेवटचा भारा पडला आणि पाऊस कोसळला.

झोपडीत ओलेचिंब बसल्यावर हिराबाय हळहळली, "आमच्यापायी तुमचा फोटो गेला."

डोंगरावर वाट दाखवणारा, वाळवंटात पाणी पाजणारी, बर्फात शेकोटीजवळ जागा देणारी, अशी किती माणसं फोटोवाल्याला आठवली. कुणाचाही फोटो त्याच्याकडे नव्हता. नावंसुद्धा त्यानं विचारली नव्हती.

सकाळी आभाळ नुसतं राखाडी होतं. त्यानं दोघांना राशीशेजारी उभं केलं.

"आज मागं बघण्यासारखं काही नाही हो," हिराबाय पदर सावरत म्हणाली.

"मागचं राहू दे काकू. इकडे बघा."

घरी त्यानं सगळे फोटो भिंतीवर लावले. लोक येत आणि प्रत्येक आभाळाला "वा!" म्हणून पुढे सरकत. त्या एकाच फोटोपुढे मात्र थांबत आणि विचारत, "हे कोण?"

मग तो सगळ्यांना बसवून घेई आणि सांगू लागे.

तात्पर्य एवढंच: सुंदर आभाळाचे आभार जरूर मानावेत, पण ज्यांनी त्याखाली आपल्याला उभं राहायला जागा दिली, त्यांचे आधी मानावेत.